तिथी, तारीख आणि तीन क्रेडिटं

आषाढी एकादशी २०२३ साली २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला, २०२५ साली ६ जुलैला. २०२६ची अधिक ज्येष्ठामुळे थेट २५ जुलैला. महाराष्ट्रातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की गणपती कधी आणि एकादशी कधी, हे आपण आधी बघतो. पण अमेरिकेतल्या ज्या सरकारी विद्यापीठात मी बावीस वर्षं शिकवलं, तिथल्या परदेशी अभ्यासक्रमांच्या कचेरीत ही गोष्ट मला दर खेपेला नव्यानं समजावून सांगावी लागे. तिथं उन्हाळी सत्राच्या तारखा दीड वर्ष आधी कळवायच्या असतात. पहिल्या वर्षी फोनवर झालेलं बोलणं अजून आठवतं. "हा सण दर वर्षी हलतो का?" "हो." "कोण हलवतं?" "चंद्र." पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्या बाईंनी 'तारखांत बदल संभवतो' या चौकटीत खूण केली आणि कारणाच्या रकान्यात खरोखरच लिहिलं : चंद्र. तो फॉर्म डीनच्या सहीसकट माझ्या कपाटात आहे.

हे पुस्तक अशा अभ्यासक्रमांविषयी आहे. विद्यापीठातला एखादा शिक्षक आपले दहा-पंधरा विद्यार्थी घेऊन दुसऱ्या देशात जातो, दोन ते सहा आठवडे तिथं राहून एक विषय शिकवतो, परतल्यावर गुण देतो आणि ते गुण पदवीत धरले जातात. अमेरिकेत याला 'फॅकल्टी-लेड' म्हणतात. मराठीत मी बरीच नावं घोळवून पाहिली. एका मित्रानं 'शिक्षकनीत' असा शब्द सुचवला. तो ऐकून मला परीक्षेच्या आदल्या रात्रीचं 'नवनीत' आठवलं. 'शैक्षणिक सहल' म्हणावं, तर डोळ्यांपुढे एस.टी.ची लाल गाडी, डब्यातल्या पुऱ्या आणि रायगडाच्या पायऱ्यांवर शिट्टी फुंकणारे पी.टी.चे सर उभे राहतात. शेवटी 'सोबतचा अभ्यासक्रम' हा साधा शब्द वापरायचं ठरवलं. शिक्षक विद्यार्थ्यांच्या सोबत असतो, हा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ मला उशिरा कळला. शिक्षकालाही तिथं कुणाची तरी सोबत लागते, आणि ती नसली तर बाकीचं सगळं जागच्या जागी असूनही अभ्यासक्रम उभा राहत नाही.

या प्रकाराचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९२३ सालापासून सुरुवात करतात. त्या वर्षी जुलैमध्ये डेलावेअर विद्यापीठातले फ्रेंचचे प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड आठ विद्यार्थ्यांना 'रोशाँबो' नावाच्या बोटीनं फ्रान्सला घेऊन गेले. कर्कब्राइड पहिल्या महायुद्धात लढून आलेले होते. माणसं एकमेकांच्या देशात राहून शिकली तर पुढची लढाई कदाचित टळेल, असा त्या काळचा भाबडा वाटावा इतका सरळ विचार त्यामागे होता. विद्यापीठाचे अध्यक्ष वॉल्टर हलिहेन यांनी खाजगी देणग्या गोळा केल्या तेव्हा कुठे बोट सुटली. पण ते वर्षभराचं शिक्षण होतं. आमच्या तीन-चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचा खरा पूर्वज मला त्याआधीच्या इंडियाना विद्यापीठात सापडतो. १८८०च्या दशकात तिथले डेव्हिड स्टार जॉर्डन हे माशांचे अभ्यासक उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन युरोपात जात आणि बरीचशी वाट पायी तुडवत. हेच जॉर्डन पुढे स्टॅनफर्डचे पहिले अध्यक्ष झाले, आणि माणसांची वंशावरून प्रतवारी लावणाऱ्या सुप्रजननशास्त्राचे कट्टर पुरस्कर्तेही. परदेशात पायी हिंडल्यानं मन आपोआप मोठं होतं असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं. तिसरा धागा वेळापत्रकाचा. १९६०च्या सुमारास फ्लॉरिडातल्या एका नव्या कॉलेजानं, आजच्या एकर्ड कॉलेजानं, चार महिने, एक महिना, चार महिने अशी वर्षाची मांडणी केली. मधल्या मोकळ्या जानेवारीत एकच विषय शिकायचा. ही मांडणी पुष्कळ कॉलेजांनी उचलली, आणि शिक्षकांना विद्यार्थ्यांसह बाहेर पडायला एक हक्काचा महिना मिळाला.

'तीन आठवड्यांत काय कळणार?' हा प्रश्न मला पुण्यात जितक्यांदा विचारला गेला, तितक्यांदाच अमेरिकेतही. विचारणारे बहुतेक स्वतः वर्ष-वर्ष परदेशी राहिलेले असत. त्यांना मी माझ्या वर्गातली मुलं दाखवीत असे. आठवड्याला पंचवीस तास गोदामात काम करून फी भरणारी, घरात पहिल्यांदाच कॉलेजचं तोंड बघणारी, आजारी आईला सोडून सहा महिने बाहेर राहू न शकणारी. त्यांच्यापुढे तीन आठवडे की सहा महिने असा पर्याय नव्हताच. तीन आठवडे की काहीच नाही, एवढाच होता. आकडेही तेच सांगतात. इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशनच्या 'ओपन डोअर्स' या वार्षिक मोजणीप्रमाणे २०१८-१९ साली अमेरिकेतले सुमारे ३ लाख ४७ हजार विद्यार्थी क्रेडिटसाठी परदेशी गेले, आणि त्यांतले जवळजवळ ६५ टक्के आठ आठवडे किंवा त्याहून कमी काळासाठी, नाहीतर उन्हाळ्यापुरते. कोविडमध्ये, २०२०-२१ साली, हा आकडा साडेचौदा हजारांवर कोसळला. (त्या दोन वर्षांत पादुकाही एस.टी.नं पंढरपूरला गेल्या. आमची काय कथा!) २०२२-२३मध्ये तो पुन्हा २ लाख ८० हजारांवर आला. म्हणजे थोड्या दिवसांचा अभ्यासक्रम हा आता आडबाजूचा प्रकार राहिलेला नाही. बहुसंख्यांच्या वाट्याला येतो तो हाच, आणि म्हणूनच तो नीट बांधायला हवा.

बांधायचा म्हणजे काय, हे माझ्याच उदाहरणानं सांगते. अभ्यासक्रम होता पंढरीच्या वारीवर. सरकारी हिशेब असा की तीन क्रेडिटं म्हणजे पंधरा आठवडे, आठवड्याला तीन तास, एकूण पंचेचाळीस तास वर्ग. आणि त्याच्या दुप्पट वाचन-लेखन. हे सगळं तीन आठवड्यांत बसवायचं. पहिल्या प्रस्तावात मी पंधरा दिवसांत रोज तीन तास व्याख्यान लिहून मोकळी झाले. अभ्यासक्रम समितीनं लगेच मंजुरी दिली, कारण बेरीज पंचेचाळीस येत होती. पुण्यात पोचल्यावर कळलं, की दिवे घाटाच्या चढणीवर निम्म्यात पोचलेल्या, पायाला फोड आलेल्या मुलाला भक्तिपरंपरेवर तीन तास काहीही सांगता येत नाही. दुसऱ्या वर्षी मी व्याख्यानं बहुतेक अमेरिकेतच, निघण्याआधीच्या पाच शनिवारी उरकली आणि इथले तास 'क्षेत्रकार्य' म्हणून लावले. आमच्याकडे क्षेत्रकार्याचे दोन तास वर्गाचा एक तास धरत. त्यावर समितीतल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी विचारलं, "चालणं हे क्षेत्रकार्य कसं?" प्रयोगशाळेत ते स्वतः तीन तास उभे राहतात त्याची क्रेडिटं मिळतात, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावं लागलं.

वाचनाचा क्रमही मी चुकतमाकतच शिकले. इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' हा लेख 'परिपूर्ती'त आहे आणि त्याचं इंग्रजी भाषांतर १९६२ साली 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आलं, त्यामुळे तो अमेरिकन वर्गांत कधीपासून वाचला जातो. दि. बा. मोकाशींच्या 'पालखी'चं फिलिप एंगब्लॉम यांनी केलेलं भाषांतर १९८७ साली निघालं. सुरुवातीला मी दोन्ही आधीच वाचून घेई. मग मुलं रस्त्यावर मोकाशी शोधत बसत. समोरच्या म्हातारीकडे बघायचीच नाहीत. म्हणून पुढे कर्वे आधी आणि मोकाशी परतीच्या विमानात, असं ठरवलं. कर्वे आधी का, तर त्या लेखात वारीचा आनंद आहे आणि दिंड्या जातींप्रमाणे वेगळ्या चालतात याची टोचणीही आहे. ती टोचणी बरोबर घेऊन गेलेला विद्यार्थी मृदंगाच्या ठेक्यावर नाचतो आणि मग विचारतो, इथं कोण कोणाच्या पंक्तीला बसतं? ज्ञानेश्वरांची पालखी पुण्यात भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात उतरते. तिथून गंज पेठेतला महात्मा फुल्यांचा वाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांना फुलेवाड्यात नेई आणि संध्याकाळी परत देवळाच्या रांगेत. दोन्ही जागांमध्ये मी काही बोलत नसे. मधल्या अर्ध्या तासाच्या चालण्यात मुलं आपापसात जे बोलत, तो माझ्या मते त्या तीन आठवड्यांतला सगळ्यांत चांगला वर्ग होता. समितीच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

पूर्ण वारी आम्ही कधी चाललो नाही, आणि चालू नये असंच माझं मत आहे. पुणे ते सासवड हा तीस किलोमीटरच्या आसपासचा, सगळ्यांत लांबचा टप्पा, आणि पुढे लोणंदहून तरडगावपर्यंतचा एक, एवढंच. बाकी जीपनं पुढे जाऊन फलटणला मुक्काम. ज्यांची वर्षानुवर्षांची वाट आहे त्यांच्या तंबूत, त्यांच्या पाण्याच्या टँकरवर आणि त्यांच्या संडासांच्या रांगेत आपण परदेशी पंधरा माणसांची भर घालतो, हे विसरून चालत नाही. दिंडीबरोबर चालायचं तर दिंडीची भिशी भरायची, विणेकऱ्याच्या पुढे जायचं नाही, आंघोळ करणाऱ्या बायकांकडे कॅमेरा वळवायचा नाही. हे नियम मी केले नाहीत. आमच्या दिंडीच्या बुवांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितले. माझ्या चौदा पानी नियमावलीपेक्षा मुलांनी ते जास्त पाळले.

आता पैशांकडे येते, कारण नव्या शिक्षकाचं पाऊल इथंच अडतं. अशा अभ्यासक्रमाचा खर्च दोन प्रकारचा असतो. विद्यार्थ्यांच्या संख्येबरोबर वाढतो तो एक : जेवण, राहणं, विमा. संख्या कितीही असली तरी बदलत नाही तो दुसरा : शिक्षकाचं विमानभाडं आणि मोबदला, पुण्यातल्या समन्वयकाचं मानधन, जीपचं भाडं. समजा हा दुसरा खर्च बारा हजार डॉलर आहे. बारा मुलं आली तर प्रत्येकाच्या डोक्यावर हजार. आठच आली तर दीड हजार. पण शुल्क तर आधीच जाहीर झालेलं असतं, ते वाढवता येत नाही. म्हणून विद्यापीठ एक किमान आकडा ठरवतं, आणि नावं तेवढी भरली नाहीत तर अभ्यासक्रम रद्द. यावर तोडगा म्हणून प्रवासी कंपन्या 'पंधरा तिकिटांवर एक मोफत' देऊ करतात. पुण्यातही हे चालतंच. त्या मोफत तिकिटाचे पैसे शेवटी मुलंच भरतात. २००७ साली न्यूयॉर्कचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी परदेशी शिक्षण पुरवणाऱ्या संस्था आणि विद्यापीठं यांच्यातल्या अशाच देवाणघेवाणीची चौकशी लावली होती, तेव्हापासून निदान तिथं लोक हळू आवाजात बोलतात.

माझा अभ्यासक्रम एका वर्षी रद्द झाला. बारा हवे होते, आठ आले. फेब्रुवारीच्या शेवटी कचेरीतून दोन ओळींचा मेल आला. विद्यार्थ्यांना पैसे कसे परत मिळतील याचं चार पानी धोरण तयार होतं, आणि ते नीट पाळलं गेलं. मी मात्र दिवाळीतच फलटणच्या काकूंना सांगून बसले होते, 'येतोय.' आमच्यातल्या सहा मुली दर वर्षी त्यांच्याकडे राहत. त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून मागच्या बाजूला कमोड बसवून घेतला होता, वर जादा टाकी चढवली होती, पाठच्या खोलीला चुना दिला होता. फोन करायला मला चार दिवस धीर झाला नाही. केल्यावर त्या म्हणाल्या, "असू दे हो ताई. आमच्या आईंच्या गुडघ्याला कमोड बरा झाला." मग पाऊसपाण्याचं बोलल्या आणि फोन ठेवला. त्या एक शब्द जास्त बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हा लक्षात आलं, की विद्यापीठाच्या कागदांत सगळ्यांची नावं आहेत. विद्यार्थी, पालक, विमा कंपनी, वकील, विमान कंपनी. ज्यांच्या भरवशावर हे चालतं त्यांचं नाव कुठंच नाही. ते 'स्थानिक व्यवस्था' या एका ओळीत गडप झालेले असतात. पुढच्या प्रस्तावात मी अंदाजपत्रकात एक ओळ घातली : अभ्यासक्रम रद्द झाल्यास यजमानांना द्यायची रक्कम. हिशेब तपासनीसानं विचारलं, न घेतलेल्या सेवेचे पैसे कसे द्यायचे? तीन मेल, दोन बैठका झाल्या. अखेर त्या ओळीचं नाव 'स्थानिक सेवा, आगाऊ राखीव' असं ठेवलं आणि ती मंजूर झाली. या पुस्तकातून वाचकानं एकच नमुना उचलायचा असेल तर मी सांगेन, ती ओळ उचला. तिला नाव काहीही द्या.

सुरक्षिततेचं प्रकरण पुस्तकात सगळ्यांत मोठं झालं आहे, आणि ते भीती घालण्यासाठी नाही. मार्च १९९६मध्ये जहाजावरून जगभर फिरणाऱ्या 'सेमिस्टर ॲट सी' या अभ्यासक्रमातले विद्यार्थी ताजमहाल बघायला बसनं निघाले होते. रात्रीच्या वेळी बसला अपघात झाला आणि चार अमेरिकन विद्यार्थी गेले. आज अनेक विद्यापीठांच्या नियमांत भारतात रात्रीचा रस्त्यावरचा प्रवास वर्ज्य आहे, त्यामागे अशा आठवणी आहेत. पुण्याच्या एका जीपवाल्यानं मला हसून सांगितलं होतं, "मॅडम, रात्री रोड मोकळा असतो." मोकळा असतो म्हणूनच भीती. दुसरं उदाहरण शाळेचं आहे, पण विद्यापीठांच्या प्रशिक्षणात नेहमी सांगितलं जातं. कनेक्टिकटमधल्या एका निवासी शाळेनं २००७ साली मुलांना चीनला नेलं. तिथल्या डोंगरावर एका मुलीला गोचीड चावून मेंदूज्वर झाला आणि तिची वाचा गेली. ज्युरीनं शाळेला चार कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली, आणि अशा धोक्याची आधी सूचना देणं हे शाळेचं कर्तव्यच होतं, असं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली मानलं. म्हणजे 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर पुरत नाही. माहीत करून घेणं हेच काम आहे.

माझ्या बाबतीत ते काम शेंगदाण्यांपाशी आलं. पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी बहुतेक ज्येष्ठ वद्य एकादशी असते. वाटेवर जागोजागी साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, दाण्याची आमटी, शेंगदाण्याची चिक्की वाटतात, आणि 'नको' म्हटलं तर 'घ्या माउली' म्हणून हातात कोंबतात. अमेरिकेत शेंगदाण्यानं श्वास कोंडणारी मुलं वर्गात अधूनमधून असतात. एका वर्षी माझ्या गटात तसा एक मुलगा होता. त्याच्याकडे एपिनेफ्रिनची दोन पेनं, माझ्याकडे दोन, आणि त्याच्या गळ्यात मराठीत लिहिलेली पाटी : 'मला शेंगदाणे चालत नाहीत. जिवाला धोका आहे.' दिवे घाटाच्या पायथ्याशी एका माउलीनं ती पाटी मोठ्यानं वाचली, पिशवीतून केळं काढून त्याला दिलं आणि पुढच्या तीन तंबूंना ओरडून सांगितलं, "ह्या पोराला दाणं देऊ नगा रं!" घाट चढेपर्यंत ती बातमी त्याच्या पुढे पोचत गेली. वैद्यकीय धोक्यांचा आराखडा मी सात पानांचा केला होता, तो पाठीवरच्या पिशवीत होता.

महाराष्ट्रात येणाऱ्यांना आयती सोबत मिळाली ती काही थोर माणसांमुळे. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात शिकवणाऱ्या एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीचा आणि संतपरंपरेचा अभ्यास करता करता अमेरिकन विद्यार्थ्यांच्या किती तरी पिढ्यांना पुण्याची वाट दाखवली. मिडवेस्टमधल्या कॉलेजांच्या संघाचा भारत-अभ्यासक्रम बरीच वर्षं पुण्यात भरत असे, आणि येण्यापूर्वी मुलं मराठी शिकत. मॅक्सीन बर्नसन १९६६ साली संशोधनासाठी फलटणला आल्या आणि तिथल्याच झाल्या. जाई निंबकरांबरोबर त्यांनी केलेली मराठीची पुस्तकं घेऊन परदेशी विद्यार्थी आजही बाराखडी गिरवतात. या मंडळींचे अभ्यासक्रम महिन्यांचे, वर्षांचे होते. आमचे तीन आठवड्यांचे. पण तीन आठवड्यांत आमच्यासाठी पेठेतली जी दारं उघडत, ती त्यांनी आधी वाजवलेली होती. एकदा नाना पेठेतल्या एका वाड्यात आजोबांनी माझ्या विद्यार्थिनीला विचारलं, "झेलियटबाईंची काय तू?" ती नव्हती, पण चहा मिळाला.

म्हणून नव्या शिक्षकाला मी सांगते, की ज्या गावात तुझी ओळख नाही तिथं पहिल्या वर्षी विद्यार्थी नेऊ नकोस. स्वतः जा, पावसात जा, हॉटेलात नको, कुणाच्या घरी राहा, आणि कुणाचं तरी काम करून ये. विद्यापीठं याला 'साइट व्हिजिट' म्हणतात आणि पाच दिवसांचे पैसे देतात. पाच दिवसांत खोल्या मोजून होतात.

आपल्याकडची कॉलेजंही आता मुलांना बाहेर नेऊ लागली आहेत. एम.बी.ए.ची 'इंडस्ट्रियल व्हिजिट' सिंगापूर-दुबईला जाते, आर्किटेक्चरची मुलं युरोपला. क्रेडिटं नोंदवून ठेवायला २०२१पासून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सही आहे. पण यातल्या बऱ्याच फेऱ्या प्रवासी कंपनीच बांधते, शिक्षक बसमध्ये हजेरी घेतो, आणि परतल्यावर पीपीटी होते. शेंगेनचा व्हिसा, बँकेचं स्टेटमेंट, पालकांची संमतिपत्रं यांची माहिती पुस्तकात आहेच. इकडे येणाऱ्या गटांसाठी घरमालकानं चोवीस तासांत द्यायची पाहुण्याची नोंद, पर्यटक व्हिसावर नेमकं काय शिकता येतं याचे बारकावे, हेही आहे. हे सगळं वर्षभरात बदलतं, तेव्हा निघण्याआधी वकिलातीतून ताजं विचारून घ्यावं.

शेवटच्या प्रकरणाबद्दल थोडं. शिक्षक निवृत्त झाला की असा अभ्यासक्रम सहसा त्याच्याबरोबर संपतो. माझाही संपेल असं मी धरून चालले होते. माझ्या जागी आलेली प्राध्यापिका मध्य-पश्चिमेतल्या एका शेतकरी घरातली, मराठी दोन वर्षं शिकलेली. शेवटच्या दोन खेपांना ती माझ्याबरोबर आली, दुसऱ्या खेपेला तिनं दिंडीची भिशी स्वतः भरली आणि काकूंच्या स्वयंपाकघरात मला बाहेर बसवून भाकऱ्या थापल्या. त्या फाटल्या, पण खाल्ल्या सगळ्यांनी. दर वर्षी जानेवारीत फलटणहून मला फोन यायचा. यंदा आला नाही. तिला गेला. तिनं मला मेल केला, की काकूंनी 'औंदा किती पोरी?' असं विचारलं आहे, पोरी कळल्या, पण 'औंदा' तिच्या शब्दकोशात सापडत नाही. मी अर्थ कळवला, आणि खाली एकादशीची तारीख.